सावकार परगावचा, कायदा कोणाचा?

कर्ज ही गोष्ट माणसाच्या संसाराइतकीच जुनी आहे. तिच्याविषयी दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. व्याज किती घ्यावे, हा पहिला, आणि फेडता आले नाही तर काय करावे, हा दुसरा. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. धनको एका मुलखातला आणि ऋणको दुसऱ्या मुलखातला असला, तर त्या दोघांमध्ये न्याय कोणत्या मुलखाच्या कायद्याने व्हावा, हा तो प्रश्न होय. तो वकिलांचा म्हणून आपण बाजूला ठेवतो. परंतु आज घाटकोपरच्या चाळीत किंवा बोरिवलीच्या वसाहतीत राहणारा नोकरदार महिन्याच्या पंचवीस तारखेला हातातल्या फोनवर अंगठा टेकवून पाच-दहा हजार रुपये उचलतो, तेव्हा हाच प्रश्न त्याच्या घरात शिरलेला असतो. पैसे देणारी कंपनी गुरुग्रामची किंवा बंगळुरूची असते. करारनाम्यात तिसऱ्याच शहराच्या न्यायालयाचे नाव असते. महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यात व्याजाची मर्यादा आहे, असे त्याने कोठेतरी वाचलेले असते. ती मर्यादा त्याच्या उपयोगी पडते काय? याचे उत्तर समजण्यासाठी दोन शतकांचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कायदा मुलखाचा असतो, ही आपली समजूत फार जुनी नाही. पूर्वी कायदा माणसाचा असे. कलकत्त्याच्या न्यायालयासाठी १७८१ साली पार्लमेंटाने नियम केला की, करारमदाराच्या वादात हिंदूला हिंदूचा आणि मुसलमानाला मुसलमानाचा कायदा लावावा, आणि वादी-प्रतिवादी निरनिराळ्या धर्मांचे असतील तर प्रतिवादीचा कायदा लावावा. १७९७ साली हीच व्यवस्था मुंबई व मद्रास येथे आली. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ साली जी कायदेसंहिता झाली, तीतही सरकारी कायदा नसेल तेथे देशरिवाज, आणि तोही नसेल तेथे प्रतिवादीचा कायदा, असा क्रम घालून दिला होता. कर्जाच्या दाव्यात प्रतिवादी म्हणजे बहुधा ऋणकोच. तेव्हा ज्याच्यावर फिर्याद आली, त्याला त्याच्या ओळखीचा कायदा मिळावा, हे तत्त्व आपल्याकडे इंग्रजी अमदानीच्या आरंभीच मान्य झाले होते.

या तत्त्वाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे दामदुप्पट. स्मृतिकारांनी घातलेला हा नियम मुंबईच्या न्यायालयांनी मानला. एका वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, एवढाच त्याचा अर्थ. हजार रुपये मुद्दल असेल तर व्याज कितीही साचले तरी हजारांवर मागता येत नाही. परंतु हा नियम हिंदू ऋणकोपुरता होता. त्याच पेढीवरून, त्याच दराने, त्याच दिवशी कर्ज घेणाऱ्या मुसलमान किंवा पारशी शेजाऱ्याला त्याचा लाभ नव्हता. म्हणजे एका गल्लीतल्या दोन कर्जांना दोन कायदे. त्यातच १८५५ साली सरकारने व्याजाच्या दरावरील जुने निर्बंध उठविले. खुल्या व्यापाराच्या तत्त्वज्ञानाची ती भरती होती. करारात जो दर लिहिला तो खरा, असे ठरले.

त्याचा परिणाम दख्खनच्या शेतकऱ्याने भोगला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तेव्हा इकडील कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल केला. युद्ध संपले, भाव कोसळला, त्यातच जमीनमहसुलाच्या नव्या आकारणीने सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षे ठेवली होती. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा, परंतु घडले उलट. मुदत भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेई. खत इंग्रजी कायद्याच्या भाषेत पक्के, आणि न्यायालय तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. अंगठा देणाऱ्या कुणब्याला समन्स मिळाले तरी बैलजोडी सोडून तेथे जाणे परवडत नसे. मग एकतर्फी हुकूमनामा होई आणि तो घेऊन सावकार दारात उभा राही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे लोक उठले, ते ह्यामुळे. पुणे व नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. उठाव करणाऱ्यांचा मुख्य रोख माणसांच्या जिवावर नव्हता. त्यांना खते आणि वह्या हव्या होत्या, आणि हाती लागल्या तेथे त्यांनी त्या जाळल्या. कागद जळला की कायदा जळला, अशी त्यांची समजूत. ती भोळी असेल, पण आपला शत्रू कागदात दडला आहे हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपासून त्याचा आरंभ झाला. न्यायाधीशाने खताच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा इतिहास पाहावा, पहिल्यापासून हिशेब करावा, व्याज मुद्दलाहून अधिक धरू नये, कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करू नये, ही त्यातील कलमे पुष्कळांना ठाऊक आहेत. अकराव्या कलमाकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष कमी जाते. शेतकऱ्यावरील असा दावा तो जेथे राहतो तेथील न्यायालयातच लावावा, अन्यत्र लावू नये, असे ते कलम सांगते. आमच्या मते त्या कायद्याचे मर्म येथे आहे. व्याजाचा दर कितीही सौम्य ठरविला, तरी तो सांगावयाला माणूस न्यायालयापर्यंत पोहोचलाच नाही, तर दराचा उपयोग काय? या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे अधिकारी म्हणून काम केले. सुप्यात वह्या जळल्या त्याच १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करणारेही तेच. कर्जाचा प्रश्न आणि लोकशिक्षणाचा प्रश्न त्यांना दोन वाटत नव्हते, हे आजच्यासारख्या प्रसंगी आठवणे उचित होय.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे साष्टीची, म्हणजे पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातली. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९२० साली. अंधेरी व घाटकोपर बृहन्मुंबईत आली १९५० साली, तर बोरिवली व मुलुंड १९५७ साली. त्यापूर्वी माहीम आणि शीवच्या खाडीवर नुसती शहराची वेस नव्हती, कायद्याचीही वेस होती. बेटावरच्या मोठ्या दाव्यांचा मूळ अधिकार उच्च न्यायालयाकडे, खाडीपलीकडच्यांचा जिल्ह्याच्या न्यायालयांकडे. नादारी मागणाऱ्या मुंबईकराला १९०९ चा कायदा, तर पलीकडच्याला १९२० चा. गिरणीत कामाला बेटावर जाणारा आणि झोपायला साष्टीत येणारा माणूस दररोज दोन कायद्यांच्या हद्दी ओलांडीत होता.

आणि त्या गिरणीकामगाराचा सावकार कोण? पुष्कळदा तो पठाण असे, वायव्येकडून आलेला. पगाराच्या दिवशी तो गिरणीच्या दरवाजाशी उभा राही. त्याला न्यायालयाची गरज नव्हती, हातातली काठी पुरे होती. रुपयास महिना एक आणा हा सर्रास दर, म्हणजे सालिना शेकडा पंच्याहत्तर. १९३१ साली व्हिटले आयोगाच्या अहवालाने कामगारांच्या या कर्जबाजारीपणाचे चित्र पुढे ठेवले. वेतन महिनाअखेरही हाती येत नाही आणि पोट दररोज लागते, हे त्याचे एक मूळ होते. १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराची तारीख बांधून दिली ती या पार्श्वभूमीवर. आज ज्याला पगारापुरते कर्ज म्हणतात त्याचा हा आजोबा होय.

मुलखाचा प्रश्न सर्वांत तीव्र झाला तो संस्थानांमुळे. सांगली, मिरज, भोर, फलटण, कोल्हापूर आणि पलीकडे निजामाचा मराठवाडा. महाराष्ट्राच्या अंगावर संस्थानी हद्दी ठिगळांसारख्या पसरल्या होत्या. संस्थानातील हुकूमनामा ब्रिटिश हद्दीत परकी न्यायालयाचा मानला जाई. याविषयीचा ठळक निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८९४ साली फरीदकोटच्या राजाच्या खटल्यात दिला. राजाचे माजी खजिनदार सरदार गुरुदयालसिंग नोकरी सोडून दुसऱ्या संस्थानात गेले. त्यांच्यामागे फरीदकोटच्या न्यायालयाने पैशांचे एकतर्फी हुकूमनामे दिले. जो माणूस तुमच्या मुलखात राहत नाही आणि ज्याने तुमचा अधिकार मान्य केलेला नाही, त्याच्यावरचा असा हुकूमनामा बाहेरच्या जगात शून्य होय, असे प्रिव्ही कौन्सिलने सांगितले. स्वातंत्र्यानंतरही हा धागा तुटला नाही. ग्वाल्हेरचे मराठा सरदार मालोजी नरसिंगराव शितोळे यांनी ग्वाल्हेरच्या न्यायालयात मिळविलेला एकतर्फी हुकूमनामा उत्तर प्रदेशात बजावण्याचा प्रयत्न केला. देश एक झाला होता, संविधान आले होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली बहुमताने ठरविले की, ज्या दिवशी तो दिला गेला त्या दिवशी तो परकीच होता. उलट मुंबईत गोवामुक्तीपूर्वी मिळालेला हुकूमनामा पुढे गोव्यात बजावता येईल, असे त्याच न्यायालयाने १९७६ साली म्हटले. तोवर गोव्याला आपला दिवाणी संहितेचा कायदा लागू झाला होता. हद्दी पुसल्या जातात त्या एकदम नव्हे, एकेका निकालाने पुसल्या जातात.

संविधानाने या प्रश्नाला नवे रूप दिले. सावकारी आणि सावकार हा विषय राज्यांच्या सूचीत तिसाव्या क्रमांकावर आहे. बँकव्यवहार संघाच्या सूचीत पंचेचाळिसाव्या क्रमांकावर आहे. कर्ज दोघेही देतात, पण कायदे करणारे दोन. मुंबई प्रांताने १९४६ चा सावकारी कायदा केला. त्याने परवाना सक्तीचा केला, परवान्यावाचून धंदा करणाऱ्याला न्यायालयाची दारे बंद केली, ऋणकोला छळणे हा गुन्हा ठरविला, आणि दामदुप्पटीचा नियम सर्वधर्मीयांना लावला. स्मृतींतील नियम अशा रीतीने माणसाचा न राहता मुलखाचा झाला. त्या कायद्याची जागा २०१४ साली महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने घेतली. त्याखाली ठरलेले दर असे: शेतकऱ्याला तारणावर शेकडा नऊ, विनातारण बारा. इतरांना तारणावर पंधरा, विनातारण अठरा. दामदुप्पट कायम. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद. आणि परवाना मिळतो तो ठराविक क्षेत्रापुरता, त्या हद्दीबाहेर धंदा करता येत नाही. सावकार पेढीवर बसतो आणि ऋणको पायरी चढून येतो, हे चित्र कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होते.

पण सावकार परराज्यात बसून येथे पैसे पाठवू लागला तर? याचे उत्तर शोधताना एका कोड्यांच्या खटल्याची मदत होते. चमारबागवाला यांचा शब्दकोड्यांचा धंदा बंगळुरूहून चाले. तेथे छापलेले साप्ताहिक मुंबई राज्यात खपे, प्रवेशिका आणि फीचे पैसे येथे गोळा होत. मुंबई राज्याचा १९४८ चा कायदा आम्हांला लागू नाही, आम्ही म्हैसूरचे, असे त्यांचे म्हणणे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. धंद्याचा या राज्याशी असलेला संबंध खरा आणि पुरेसा असेल, आणि कायदा त्या संबंधाला धरून असेल, तर मालक बाहेरचा असला म्हणून राज्याचे हात बांधले जात नाहीत. हाच न्याय फोनवरील विनापरवाना सावकाराला लावावा, असे आम्हांला वाटते. मुलुंडच्या माणसाने मुलुंडमध्ये बसून मागणी केली, पैसे मुलुंडच्या खात्यात आले, वसुलीचा तगादाही मुलुंडमध्येच आला. मग सावकारी घडली कोठे, हे सांगायला पंडित लागत नाही.

येथवर मार्ग सरळ होता. यापुढे त्याला फाटा फुटतो. फोनवरून कर्ज देणाऱ्या पुष्कळ कंपन्या या नुसत्या सावकार नव्हेत. बँक नसलेल्या, पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या त्या वित्तसंस्था आहेत. अशा संस्थांवरील रिझर्व्ह बँकेचा अधिकार १९६३ पासून आहे आणि १९९७ च्या दुरुस्तीने तो पुष्कळ वाढला. केरळ आणि गुजरात या राज्यांनी आपापले सावकारी कायदे या संस्थांना लावू पाहिले. १० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेदुम्पिल्ली फायनान्स कंपनीच्या खटल्यात निर्णय दिला की, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थेला राज्याचा सावकारी कायदा लागू होत नाही. पुढच्याच वर्षी तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने आंध्रच्या २०११ च्या सूक्ष्म कर्जांच्या कायद्याबाबत तीच वाट धरली. म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर असे निघते: नोंदलेल्या संस्थेला गुरुग्रामचा कायदा नाही, बंगळुरूचा नाही आणि महाराष्ट्राचाही नाही. तिला रिझर्व्ह बँकेचे नियम. गंमत अशी की ती बँक बसते फोर्टात, घाटकोपरहून लोकलने जाण्याच्या अंतरावर.

अमेरिकेत हाच झगडा दुसऱ्या रीतीने सुटला. नेब्रास्कातील एक बँक मिनेसोटातील लोकांना कार्डावर उधार देत होती. नेब्रास्कात शेकडा अठरा दर चाले, मिनेसोटात बारा. १९७८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, राष्ट्रीय बँकेने आपल्या घरच्या राज्याचा दर लावावा. मग मर्यादा उठविणाऱ्या राज्यांकडे बँकांचा ओघ लागला आणि इतर राज्यांच्या मर्यादा कागदावर राहिल्या. आपल्याकडे धनकोच्या घरचा कायदा ऋणकोवर लादला गेला नाही, एवढे समाधान मानण्यास जागा आहे.

परंतु समाधान तेवढेच. कारण राज्याचा कायदा हटला, त्याबरोबर अठरा टक्क्यांची मर्यादा आणि दामदुप्पटही या कर्जांपुरती हटली. रिझर्व्ह बँकेने या संस्थांना कमाल दर घालून दिलेला नाही. समजा, दहा हजारांच्या कर्जातून दीड हजार शुल्क आधीच कापून साडेआठ हजार हाती दिले आणि पंधरा दिवसांनी दहा हजार घेतले, तर सालिना दर शेकडा चारशेंच्या वर जातो. पठाणाचा आणा त्यापुढे सौम्य वाटावा. दराऐवजी रिझर्व्ह बँकेने भर दिला तो उघडपणावर. तिच्या अभ्यासगटाला २०२१ च्या आरंभी फोनवर कर्ज देणारी सुमारे अकराशे ॲप आढळली. त्यांतील सहाशे बेकायदा होती. त्यानंतर २ सप्टेंबर २०२२ चे नियम आले, आणि ८ मे २०२५ रोजी ते एकत्र करून नव्याने काढले गेले. पैसे थेट संस्थेच्या खात्यातून ऋणकोच्या खात्यात यावेत, सर्व शुल्क धरून वार्षिक दर आधी लिहून द्यावा, किमान एक दिवस कर्ज परत करून मोकळे होण्याची मुभा असावी, फोनमधील नातेवाइकांच्या नंबरांना आणि फोटोंना हात लावू नये, हे त्यांतले मुख्य. पूर्वी काठी होती, आता नातेवाइकांत बदनामीची धमकी आहे. छळाचे साधन बदलले, एवढेच.

आता राहिला न्यायालयाचा प्रश्न. करारनाम्यात परशहराच्या न्यायालयाचे नाव घालणे कायद्याला अगदीच अमान्य नाही. ज्या दोन-चार न्यायालयांना मुळात अधिकार आहे, त्यांपैकी एक करारात निवडता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली मुंबईच्याच गॅमन कंपनीच्या खटल्यात सांगितले आहे. ज्याला मुळात अधिकारच नाही त्याला तो करारातून देता येत नाही. तथापि अंधेरीच्या कारकुनाने पाच हजारांच्या वादासाठी परराज्यात जावे, हे सुप्याच्या कुणब्याने बैल सोडून जिल्ह्याच्या गावी जाण्यासारखेच झाले. सुदैवाने २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक दार उघडले आहे. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगापुढे त्याला तक्रार करता येते, आणि करारात लवादाचे कलम आहे म्हणून ती वाट बंद होत नाही. उपनगरवासीयाला वांद्र्याला जाता येते. १८७९ चे अकरावे कलम शेतकऱ्यापुरते होते. तेच तत्त्व एकशे चाळीस वर्षांनी ग्राहकाच्या नावाने परत आले आहे, असे आम्ही समजतो.

तेव्हा आपल्या श्रोत्यांनी तीन गोष्टी मनात ठेवाव्यात. कर्ज देणाऱ्या ॲपचे नाव काहीही असो, त्यामागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली संस्था कोणती, हे आधी पाहावे. तसे नाव असेल, तर दाद रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली, प्रथम त्या संस्थेकडे, मग लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे. तसे नाव नसेल, तर तो येथे चाललेला विनापरवाना सावकारीचा धंदा होय, आणि त्याविरुद्ध सहकार खात्याचे निबंधक व पोलीस यांच्याकडे जाण्याचा ऋणकोला अधिकार आहे, मग त्याचा सूत्रधार कोणत्याही मुलखात बसलेला असो. अशा अनियंत्रित कर्जधंद्यावर देशभर बंदी घालणारा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये लोकांपुढे ठेवला. त्यावरून हा प्रश्न राज्याराज्यांनी सुटणारा नाही, हे केंद्रालाही पटलेले दिसते.

ही दिशा आम्हांला योग्य वाटते. पैसा क्षणात हद्दी ओलांडतो, तेव्हा नियम सबंध देशाचा असणे अपरिहार्य आहे. परंतु नियम देशाचा झाला म्हणून दाद देशाच्या राजधानीत मागावी लागू नये. आणि दामदुप्पटीसारखी जी मर्यादा स्मृतिकारांना सुचली, इंग्रज न्यायाधीशांनी मानली आणि मुंबई प्रांताने सर्वांना लागू केली, ती नोंदणीच्या एका दाखल्याने का गळून पडावी, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. सुप्याच्या लोकांनी कागद जाळले, कारण कागद वाचून दाखवणारे त्यांच्या बाजूला कोणी नव्हते. आजचा कागद फोनच्या काचेवर आहे आणि तो जाळता येत नाही. तो आपल्याला वाचताच आला पाहिजे.